तुझी टाच आणि माझा मणका

माय, काल शेजारीण कमरेत उसण भरली म्हणून वाकत वाकत माझ्या दारात आली. म्हणे, ‘तुमची आई पायाळू होती ना, मंग तुमीच लावा पाय.’ मी म्हटलं, बाई, मी डोक्याकडून जन्मले, माझ्या पायाला काही गुण नाही. ती रुसून गेली, आणि मी तुझी आठवण काढत बसले ती बसलेच.

काय रुबाब होता तुझ्या टाचेचा! तू पायांकडून जन्मलेली, म्हणून अख्ख्या भातकुली गावाच्या कमरा तुझ्या ताब्यात. पाटील असो की पाटलाचा सालदार, उसण भरली की आपल्या उंबऱ्यावर पालथा. तू वांगी तोडता तोडता यायचीस, डावी टाच तीनदा लावायचीस, ‘ऊठ आता, नाटकं पुरे,’ म्हणायचीस, आणि माणूस खरंच उठायचा. अशा बाईच्या पोरीची पाठ दहाव्या वर्षी वाकडी व्हावी, म्हणजे नाकच कापलं की! मी एका अंगाला कलून चालू लागले, पाठीत सारखं ठणकायचं. तू रोज टाच लावायचीस आणि वर गुळाचा खडा भरवायचीस. अर्ध्या तासात मी उड्या मारायचे. ‘पाहा माह्या पायाचा गुन!’ तू बायांना सांगायचीस. काही वेळानं पुन्हा ठणका, पुन्हा टाच, पुन्हा गूळ.

शेवटी अकोल्याला नेलंस. तिथं हाडाचा फोटो काढायची मशीन आली होती. फोटो म्हटल्यावर तू मला जरीचा परकर नेसवलास, काजळ घातलंस, वेणीत शेवंती माळलीस. गावातल्या दोन बाया खास फोटो पाहायला सोबत आल्या. डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी मला पालथं निजवलं तशी तू भडकलीस, ‘साहेब, तोंड तिकडं हाय तिचं!’ पुढे त्यांनी काच उजेडात धरली, तर तू म्हणतेस, ‘नुसते मनके? परकर कुठी गेला?’ त्यांनी विचारलं, आतापर्यंत काय उपचार केलेत? तू ताठ मानेनं सांगितलंस, ‘लाथ मारली.’ ‘मुलीला?’ ‘नाई तं काय तुमाले?’

मग ते म्हणाले, मणक्याचा क्षय दिसतो, पोरीला दोन वर्षं प्लास्टरमध्ये उताणं ठेवावं लागेल. तुझं तोंड एवढंसं झालं. पण त्यांनाच काहीतरी खटकत होतं. क्षयानं हाड पोखरतं, माझं तर एका जागी उलट घट्ट झालं होतं, मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा डाग. त्यांनी मला विचारलं, ‘बाळ, दुखणं कशानं थांबतं?’ मी म्हटलं, ‘मायच्या पायानं.’ बायांनी माना डोलावल्या. डॉक्टर कागदावर क्षय लिहू लागले.

‘थांबा साहेब,’ तू म्हणालीस. ‘पायानं नाई थांबत. गुळात मी डोकेदुखीची गोळी घालून राहिली. पायाचा गुन पोरीले येऊनच नाई राह्यला, मंग काय करू?’

बायांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. एक म्हणाली, ‘आवं, मंग मागच्या साली माह्या कमरीले काय लावलं तुनं?’ ‘तुले फुकटच बरं वाटलं व!’ डॉक्टर मात्र खुर्चीतून उठलेच. क्षयाचं दुखणं असं एका गोळीनं अर्ध्या तासात पळत नाही, म्हणाले. ही हाडातली बारकी गाठ, लेकरांत क्वचितच होते, जिवाला धोका नाही, खरवडून काढली की संपलं. त्यांनीही ती फक्त पुस्तकात पाहिली होती. ‘हे आधी का नाही सांगितलंत?’ ते ओरडले. ‘कावून सांगू? गावात तोंड दाखवाचं होतं मले.’

गाठ काढली, वर्षभरात माझी पाठ सरळ झाली. आपल्या उंबऱ्यावर मात्र पुन्हा कोणी पालथं पडलं नाही. ‘बरं झालं, वांगे तोडाले येळ भेटते,’ तू म्हणायचीस. पण रस्त्यानं कोणी कमरेत वाकून जाताना दिसला की तुझा डावा पाय आपोआप उचलला जायचा. मला फार वाईट वाटायचं गं.

हे पत्र कुठं टाकणार? उशाखालीच राहील. पण एक सांगून टाकते. गुळातली ती कडू गोळी मला पहिल्याच दिवशी कळली होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोलले. बायांपुढे तुझी टाच खोटी पडू नये म्हणून दोन वर्षं उताणं पडायला मी तयार होते, माय. तूच ऐकलं नाहीस.