तीनचाकीचा अर्ज

दादा, बदनापूरच्या फलाटावर आपण दोघं बापलेक मोसंबी खायचो. सकाळच्या पॅसेंजरची वाट बघत तुम्ही काठी बाकाला टेकवून नखानं साल काढायचात, आणि मोठी फोड नेहमी माझ्या हातात यायची. जालन्याला उतरलं की तुमच्या अधू पायाच्या चालीनं आपण हळूहळू निघायचो. आधी माझं कॉन्व्हेंट, मग तुमचं बियाण्यांचं दुकान. शाळेच्या फाटकाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मी म्हणायची, "इथून जाते मी एकटी." तुम्हाला वाटायचं, पोरगी आपल्या पायाची काळजी करते.

गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि माझा डावा पाय आखूड पडला. बँकेत जा, दवाखान्यात जा, गाडी लांब लावावी लागते आणि तिथून दारापर्यंत मला चालवत नाही. म्हणून पंधरा दिवस झाले, सून आणि मी दिव्यांगांच्या पार्किंगच्या परवान्यासाठी कागद गोळा करतोय. आधार, गाडीची कागदपत्रं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फोटो. फोटो काढताना सून म्हणाली, "आई, हसू नका बरं, नाहीतर म्हणतील हिला कुठं काय झालंय!" काल कचेरीच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "मावशी, असला फॉर्म पहिल्यांदाच भरून राह्यल्या का?" मी "हो" म्हणाले. खोटं बोलले, दादा.

मी नववीत असताना जालन्यातल्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं अपंगांना हातानं चालवायच्या तीनचाकी सायकली वाटल्या होत्या. फॉर्म इंग्रजीत होता. "माझी पोरगी भरती बराबर," असं दुकानात सगळ्यांना सांगून तुम्ही तो घरी आणलात. सिस्टरांनी शिकवलेल्या वळणदार अक्षरात मी तो भरला, तुम्ही खाली सावकाश सही केलीत, आणि मंडळाच्या कचेरीत द्यायला माझ्याच दप्तरात ठेवलात. दुसऱ्या दिवशी रस्त्यात तसली एक तीनचाकी दिसली. पाठीमागच्या पत्र्यावर लाल रंगात हातभर अक्षरं: अपंगास सप्रेम भेट. ती आमच्या फाटकाशी उभी आहे आणि वर बसून तुम्ही सगळ्या मुलींसमोर मला हात हलवताय, एवढंच मला दिसलं. फॉर्म मी दिला नाही. ॲटलासमध्ये दडवला.

महिनाभर तुम्ही विचारत होतात. "आपला नंबर न्हाई आला का गं?" मी नाही अशी मान हलवायची. एकदा शेगडीपाशी पाय शेकत तुम्हीच म्हणालात, "मंग राहू दे. आपल्याहून जास्त नड असंल कुणाला." आणि पुढं कितीतरी वर्षं स्टेशन ते दुकान चालत राहिलात. आता दारापासून गाडीपर्यंतची वीस पावलं मोजते तेव्हा तो रस्ता आठवतो.

आमचा अर्ज उद्या द्यायचाय. चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं स्टिकर मागच्या काचेवर, सगळ्यांना दिसेल असं लावायला मी सुनेला सांगितलंय. माझ्यामागं कुणाला काय द्यायचं तेही एका कागदावर लिहून ठेवलंय. गाडी मुलाला. तुमची काठी सुनेला, कारण आता माझा हात तीच धरते. माझा वॉकर पहिल्यांदा जो मागेल त्याला, कुठलाही फॉर्म न भरून घेता. आणि ॲटलास, आतल्या त्या फॉर्मसकट, नातीला. तीही आता नववीत आहे. पण तो मी गेल्यावरच द्यायचा. ती तो वाचत असताना समोर बसायची हिंमत माझ्यात अजून नाही.