बाबा मागच्या सीटवर बसतात

३ ऑगस्ट, शनिवार

ठरलं! रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकणार. बावन्नाव्या वर्षी. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

कारण लिहून ठेवते. आज बाबांना आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला नेलं. मी माझ्या फोर्ड फिएस्ताचं पुढचं दार उघडून उभी, आणि हे नेहमीसारखे मागचं दार उघडून बिशपसारखे ऐसपैस बसले. म्हटलं, "पुढे बसा ना, बाबा. टॅक्सीवाली वाटते मी." तर म्हणाले, "पुढची उजवी सीट कामाची असते, नोएमी. तिथे बसून गुरं बघायची नसतात."

झालं! पुन्हा तेच. नऊ वर्षं हे एचेगारायच्या उजव्या हाताला बसले. तेव्हा रेस उघड्या हमरस्त्यावर व्हायच्या, गावागावांतून. डावीकडे फोर्डच्या स्टिअरिंगवर एचेगाराय, उजवीकडे सोबती म्हणून नाझारेनो बर्तोलिनी, म्हणजे आमचे बाबा. मागून कोण येतंय ते बघायचं, इंजिन ऐकायचं, काटे वाचायचे, चाक फुटलं तर उतरून बदलायचं. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळं हाताच्या खुणांनी. एकाहत्तर साली ते थांबलं. त्यानंतर बाबा कुणाच्याच शेजारी पुढे बसलेले नाहीत. माझ्या नाही, माझ्या भावाच्या, दारियोच्याही नाही. आईला पोचवायला गेलो तेव्हाही मागेच.

"मी आयुष्यात एकाच ड्रायव्हरशेजारी बसलो," म्हणतात. आणि मी? चोवीस वर्षं शाळेची बस हाकतेय, चिखलातून, धुक्यातून. एका पोराचा दात हललेला नाही! पण बाबांचं म्हणणं — "तू गाडी नेतेस, पोरी. चालवत नाहीस."

बरं. मग चालवूनच दाखवते. आणि हे माझ्या उजव्या हाताला बसतील. एकदा. एकदाच, पण बसतील!

६ ऑगस्ट, मंगळवार

बस धुऊन झाल्यावर तीन ठिकाणी फोन केले. मी काही बावळट नाही, प्रश्न लिहूनच बसले होते. शेजारी शिकवणारा बसतो का? एका वेळी ट्रॅकवर गाड्या किती? गाडी तुमची की माझी? आणि शेवटचा, खरा प्रश्न — घरचं माणूस शेजारी बसवता येतं का?

पहिलं, राजधानीच्या बाजूचं. फोर्डच्या गाड्या. एका दिवसात पाच फेऱ्या, एका पुढच्या गाडीच्या मागोमाग जायचं. फोटो, सर्टिफिकेट. शेजारी कुणी नाही. "सेन्योरा, आमच्याकडे सगळे खूश होऊन जातात!" घरचं माणूस? "नंतर बघू." नंतर बघू म्हणजे नाही, एवढं मलाही कळतं.

दुसरं, स्वतःची गाडी न्यायची. ट्रॅकवर काही झालं तर माझा विमा कानावर हात ठेवणार. उद्या फिएस्ता गेली तर बाबांना न्यायचं कशात? बाद.

तिसरं, इथून दोन तासांवर. दोन दिवस, फक्त सहा शिकाऊ. शिकवणारी बाई प्रत्येक फेरीला शेजारी. सकाळी वर्ग, झेंड्यांचे अर्थ, मगच गाडी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, बाईंनी सही केली तर, घरचं एक माणूस उजव्या सीटवर. तीन फेऱ्या. छापील फॉर्मवर तशी ओळच आहे म्हणे!

मी जवळजवळ टाळी वाजवली. मग विचारलं, गाडी कुठली?

शेव्हरोले.

८ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस डोकं चालत नाहीये. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेडात काढतील, पण आमच्या सान वेनान्सिओ गावात नाही काढणार. इथे माणूस फोर्डचा असतो नाहीतर शेव्हरोलेचा. देव बदलेल, नवरा बदलेल (मी बदलला), हे बदलत नाही. एल्दा आत्याच्या नवऱ्याकडे शेव्हरोले. चाळीस वर्षं तो दर रविवारी राविओली खायला येतो आणि गाडी कोपऱ्यावर लावून चालत येतो. आमच्या फाटकासमोर लावायची त्याची छाती झालेली नाही.

आणि मी बाबांना त्या गाडीत बसवणार? फोर्डमध्ये पुढे बसत नाहीत ते!

फोर्डवाल्यांकडे नाव घातलं. तिथे गेल्यावर गोड बोलून बाबांचं जमवेन. मला जमतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

फॉर्म भरला. एक चौकट 'नवशिका', एक 'अनुभवी'. चोवीस वर्षं, चिखल, धुकं. अनुभवी! खूण ठोकून मोकळी झाले.

२४ ऑगस्ट, शनिवार

घरी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून गेले होते.

अनुभवी म्हणून मला पुढच्या गाडीमागे रांगेत तिसऱ्याच नंबरावर सोडलं. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्यात लांब वळणावर वाटलं, फार जोरात आलो आपण — अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. मागची बाजू सुटली आणि मी गवतात. तोंड आल्या दिशेला! समोरून बाकीचे हात हलवत गेले. एका पोरसवद्या माणसाने येऊन गाडी वळवून दिली. "काही नाही सेन्योरा, होतं असं." काय होतं असं? का झालं? "होतं."

बाबांना बसवायचं विचारलं. तो चक्क हसला.

सर्टिफिकेट मात्र छान आहे. सोनेरी कडा.

२५ ऑगस्ट, रविवार

पकडली गेले.

जेवण झालं. एल्दा आत्या आणि तिचा नवरा गेले, दारियो झोपला. मी मातेचा कडू चहा ओतून बाबांसमोर ठेवला. त्यांनी तो नळीने ओढला, कप परत दिला आणि म्हणाले, "कुठल्या वळणावर फिरलीस?"

"काय?"

"सकाळपासून टेबलाखाली हात फिरताहेत तुझे. डावीकडे, मग उलटे. दाताचा डॉक्टर एवढं स्टिअरिंग फिरवायला लावत नाही."

मग सांगितलं सगळं. सर्टिफिकेटही दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते नाकाजवळ धरलं.

"का फिरलीस ते सांगितलं का त्यांनी?"

"नाही."

"मग शिकवलं नाही. फोटो विकला तुला."

मला इतका राग आला! त्यांचा नाही, माझा स्वतःचा. मी म्हटलं, शिकवणारे दुसरे आहेत, चांगले आहेत, शेजारी बसून शिकवतात. एका दमात सांगत सुटले. तेही सांगून टाकलं, की मला तुम्हाला पुढे बसवायचंय म्हणून हा खटाटोप.

त्यांनी सर्टिफिकेट टेबलावर पालथं ठेवलं. मग, "कुठली गाडी?"

सांगितलं.

उठले, भिंतीवरच्या फोर्डच्या घड्याळाला चावी दिली — काल दिली होती, तरी — आणि आपल्या खोलीत गेले.

२८ ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस अबोला. दारियोचा मेसेज: "शाबास ताई! आता राविओली कोपऱ्यावर उभी राहून खा." मेला.

नाव घातलं. शेव्हरोलेवाल्यांकडेच. फोर्डचं रक्त वगैरे ठीक आहे, पण गवतात रक्त कामाला आलं नाही. फॉर्मवर खूण — नवशिका. ही मात्र करायच्या आधी पेन दोनदा खाली ठेवलं. 'घरचं कोण बसणार' या ओळीवर बाबांचं नाव घातलं. नाही आले तर नाही आले. सीट रिकामी जाईल, पण दुसरं नाव घालणार नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

बॅग भरली. दारात बाबा. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य — "शेजारी कमी बोलणारं माणूस माग."

एवढंच. पण बोलले!

१४ सप्टेंबर, शनिवार

अंग आंबलंय आणि मी हवेत आहे.

शिकवणाऱ्या बाईंचं नाव वानिना. चाळिशीची, केस अगदी बारीक कापलेले. पहिल्याच फेरीनंतर म्हणाली, "तुम्ही काय चालवता हो?" म्हटलं, शाळेची बस. "तरीच! खड्डे शोधताय. इथे खड्डे नाहीत, सेन्योरा. बॉनेटसमोर बघू नका, जिथे जायचंय तिथे बघा."

इतकं सोपं! चोवीस वर्षं मी दहा पावलांवरचा रस्ता बघत आले. मान वर केली आणि ट्रॅक आपोआप मोठा झाला. ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवायचा, मग वळायचं. आणि त्या गवताचं कोडं तिने दोन वाक्यांत सोडवलं: वळणाच्या मधोमध घाबरून पाय उचलला की गाडीचा भार पुढे पळतो, मागची चाकं हलकी होतात. "घाबरायचं असेल तर वळणाच्या आधी घाबरून घ्या!"

म्हटलं, मी घाबरत नाही. म्हणाली, "मग पाय का उचललात?" बाई मला आवडली.

संध्याकाळी इथल्या लांब वळणावर पाय धरून ठेवला. गाडी शहाण्यासारखी वळली. मी गाडीतच आरडाओरडा केला. चांगली गाडी आहे. हे वाक्य मी या वहीत लिहिलंय, ते बाबांना दिसू नये.

१५ सप्टेंबर, रविवार

आले!

दुपारी दोनला दारियोची गाडी फाटकातून आत आली. मागच्या सीटवर बाबा. लग्नाला घालायचा कोट, गळ्यात रेशमी रुमाल. दारियो माझ्या कानात, "सकाळी सहापासून कोट घालून बसलेत. राविओली बंद, म्हणाले."

वानिनाने सही केली. बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. टायर बघितले, हात मात्र कुठेही लावला नाही. मला वाटलं, आता मागचं दार शोधणार. पण मागे सीटच नाही! काढून टाकलेली. तेव्हा मला हसू फुटलं आणि त्यांनाही. "लबाड आहेस," म्हणाले. हेल्मेट चढवलं आणि बसले. उजव्या सीटवर. माझ्या शेजारी!

पहिली फेरी मी सांभाळून. त्यांचे हात मांडीवर. दुसऱ्या फेरीत माझ्या गुडघ्यावर दोन टिचक्या. आरशात बघते तर मागून निळी गाडी येत होती — मला दिसायच्या आधी त्यांना दिसली. वाट दिली. मग ते लांब वळण आलं. माझा पाय उठणार, तेवढ्यात त्यांनी तळहात डॅशबोर्डवर पालथा टेकवला. लहानपणी रस्त्यावरच्या रेसच्या गोष्टी सांगताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेकवायचे तसाच. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना पाठ आहे: सोडू नकोस.

नाही सोडला! तिसऱ्या फेरीला तर हात टेकवायची गरजही पडली नाही.

उतरल्यावर मी वाट बघत राहिले. काहीतरी म्हणतील. म्हणाले, "डावं पुढचं टायर बघायला सांग, जास्त घासलंय." एवढंच. मग वानिनाशी काहीतरी बोलत उभे राहिले, तिच्याकडून एक कागद घेतला, घडी घालून कोटात ठेवला. मी सामान आवरत होते.

घरी निघताना दारियोने त्याच्या गाडीचं मागचं दार उघडलं. बाबा त्याच्यासमोरून चालत आले आणि माझ्या फिएस्तात पुढे बसले. पट्टा लावला. मी दहा किलोमीटर रडत चालवली. चालवली! नेली नाही.

मग वाटेत स्वतःहून बोलायला लागले. समोर बघत.

"एकोणसत्तर साली शेव्हरोलेवाले आले होते घरी. त्यांना माझे हात माहीत होते. म्हणाले, आता डावीकडे बस. गाडी तुझी."

मला माहीतच नव्हतं! आईनेसुद्धा कधी सांगितलं नाही.

"काय सांगितलंत?"

"काही नाही. तुझ्या आईला फाटकावर पाठवलं. घरी नाही म्हणून सांग म्हटलं." थोड्या वेळाने, "मी खाटेवर बसून होतो. गाडी निघून गेल्याचा आवाज ऐकला. चांगलं इंजिन होतं."



१७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी बस काढायला निघाले तर माझ्या किल्ल्यांखाली तो कागद. वानिनाच्या शाळेचा फॉर्म, बाबांच्या वाकड्या अक्षरात भरलेला. नाव: नाझारेनो बर्तोलिनी. वय: ७८. खूण — नवशिका. उजव्या सीटवर घरचं कोण बसणार: नोएमी.