भागायचा क्रम

काशी, ४ एप्रिल १९३८

आबा, तुम्हांला आणि मायला द्वारकेचा नमस्कार.

मी बरी आहे. खोकला जवळजवळ गेला. अखाजीच्या सणाला मात्र घरी येणार नाही.

गणिताच्या सरांनी क्ष आणि य यांच्या चार राशी दिल्या होत्या. त्यांना हव्या त्या राशींनी गुणून बेरीज केली, तर पाचवी राशी बनते का, असा प्रश्न होता. मी पाचवीला एकेकीने भागत गेले. बाकी उरली, म्हणून 'बनत नाही' असं लिहून दिलं. सरांनी ते वर्गात सांगितलंसुद्धा. परवा भागायचा क्रम बदलून पाहिला, तर बाकी शून्य!

काल जाऊन चूक कबूल केली. सर रागावले, म्हणाले, "सोपा विषय घ्या." मी नाही म्हटलं. कोणत्याही क्रमाने भागलं तरी बाकी एकच यावी, अशी रीत मला हवी आहे. त्यासाठी चारांच्या जोडीला आणखी राशी घ्याव्या लागतात. एक सापडली की तिच्यातून दुसरी निघते. हे कुठेतरी थांबतं एवढं नक्की. कधी, ते सांगता येत नाही.

पोरगी हातची गेली, असं काका म्हणतील. म्हणू द्या.

मायने तुमच्या पत्रात एकच ओळ घालायला लावली, "बठ्ठं संपनं का?" तिला सांगा, सगळं संपणार आहे. तिचे गुडघे कसे आहेत? खरं लिहा.

झोका दरवर्षीसारखा निंबाला बांधा. अखाजी झाली तरी मी येईपर्यंत सोडू नका.

तुमची,
द्वारका