बारा नंबरचा श्वास

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचा. जुनाट दुखण्यांच्या रोग्यांचं हे रुग्णालय. बारा खाटा, अकरा रोगी. मला वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली मिळाली. भक्कम टेबल, खिडकीतून थेट फाटक दिसतं. झकास. इथे प्रत्येक गादीखाली एक पट्टी आहे. ती दर मिनिटाचे श्वास मोजते. ते आकडे नीट लावून रोज आलेख काढायचे, एवढंच माझं काम. माझ्या आधीच्या बाईंनी तारखा तीन तऱ्हांनी लिहून ठेवल्यात. कुठल्या शाळेत शिकल्या देव जाणे. संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमला फक्त बजावावं लागतं की हे आकडे सुटे नाहीत, ओळीने आलेत, दिवसाला चौदाशे चाळीस. मग तो रोजचा चढउतार वेगळा काढतो, हळूहळू सरकणारा कल वेगळा, आणि उरलेला कचरा वेगळा. पोरखेळ. मेट्रनबाई मात्र मी जादू केल्यासारख्या बघत राहिल्या.

मंगळवार, ५ मार्च

बारा नंबरची खाट वर्षभर रिकामी आहे. पट्टी मात्र मिनिटाला चौदा-पंधरा श्वास दाखवते. बिघडलीय, दुसरं काय! मेट्रनबाईंना नेमका त्याच खाटेचा आलेख रोज सकाळी हवा. आधीच्या बाई देत असत म्हणे. बिनडोकपणात इतकी शिस्त मी प्रथमच पाहिली. नवी पट्टी बसवली, तरी तेच. शेवटी बारावा रकानाच एका ओळीच्या आज्ञेने आलेखातून उडवला आणि दुरुस्ती चाललीय असं मेट्रनबाईंना सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पडला. पडू दे.

शनिवार, ९ मार्च

दुपारी चार वीसला सात नंबरचे गुरुजी गेले. वय झालं होतं. मेट्रनबाई वर आल्या आणि बुधवारी बारा नंबर थांबला होता का, असं विचारू लागल्या. मी म्हटलं, रकाना काढलाय.  बाई म्हणाल्या, "गुरुजींची लेक दिवसभराच्या वाटेवर राहते. तुम्ही सांगितलं असतं तर पोचली असती हो."

शिकल्यासवरल्या बाईने असं बोलावं! हे खूळ कायमचं मोडायचं म्हणून मूळ आकडे उघडले. बारा नंबर बुधवारी चार वीसलाच शून्यावर आला होता. योगायोग. मग त्याची ओळ तीन दिवस पुढे सरकवून गुरुजींच्या ओळीवर ठेवली.

एकच रेघ दिसली.

त्यांच्याआधी गेलेल्या तिघांचंही तेच.

रविवार, १० मार्च

बारा नंबर गुरुवारपासून पुन्हा श्वास घेतोय. उरलेल्या दहाही रोग्यांशी ताडून पाहिलं. कुणाशी जुळत नाही. म्हणजे खूळ ते खूळच. असले आकडे कुणाचेही निघतात हे बाईंना दाखवायला श्वास मोजणारा तसलाच एक पट्टा मीच छातीला बांधला. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत.

मंगळवार, १२ मार्च

बाईंनी आलेख मागितला. निमूट दिला. बारा नंबर काल सकाळी अकरा पाचला थांबलाय. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या घरचा फोन नंबर विचारला. नोंदवहीत राहून गेला होता म्हणे.

बुधवार, १३ मार्च

माझा स्वतःचा रकाना ताडायचं सुचलंच नव्हतं. मी, शहाणा.

तीन दिवस सरकवून — जुळतो.

दहा वाजता मुद्दाम श्वास रोखून धरला. त्या मिनिटाला चार. रविवारी दहा वाजता बारा नंबरवर — चार.

पट्टा काढून फेकला. डॉक्टरांनी तपासलं, ठणठणीत म्हणाले. गाढव.

गुरुवार, १४ मार्च

तारखा चुकल्या असतील, पुन्हा सगळं — नाही. बरोबर आहेत. मीच लावल्यात.

फाटकातून आई आत येतेय. मी बोलावलं नव्हतं. मेट्रनबाईंनी तिचा हात धरलाय.

दहा अठ्ठावन्न. अकरा पाचला सातच मिनिटं. तिचे गुडघे — हा जिना चढायला तिला दहा मिनिटं तरी —

मीच खाली —