हेडमास्तरांच्या वहीमुळे आलेलं शून्य

ती. काका,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (बरा आहे असं वहिनी सांगते, पण ती तुमच्याच तोंडचं सांगते, म्हणून विचारलं.) मी धडधाकट आहे. फक्त रागावले आहे, आणि ते तुमच्यावर, हे पूर्ण आदर ठेवून कळवते.

आमच्या ऑफिसचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. दर सहा महिन्यांनी त्याच माणसांना तेच प्रश्न विचारायचे. तुमच्या भागात म्हाताऱ्यांसाठी वाचनालय उघडलं, पलीकडच्या भागात नाही. तर तेव्हापासून तुमचा एकटेपणा किती कमी झाला, पलीकडच्यांचा आपसूक किती कमी झाला, आणि या दोन फरकांमध्ये फरक किती, तेवढं श्रेय वाचनालयाचं. पाच फेऱ्या झाल्या (पहिली वाचनालय उघडायच्या आधीची), गणित तीनदा तपासलं, श्रेय आलं शून्य. साहेब म्हणाले, मग महिनाअखेर कुलूप लावू.

मला काही पटेना. म्हणून परवा स्वतःच वाचनालयात गेले (तुम्ही दातांच्या डॉक्टरांकडे होतात). आत बसायला एक खुर्ची रिकामी नाही. दोन आजोबा बुद्धिबळावरून हमरीतुमरीवर आलेले, एका आजींना हसून हसून ठसका लागलेला, आणि याच मंडळींनी पाचही वेळा लिहिलंय की रोज एकटं वाटतं. तुमच्या मित्राला, त्या निवृत्त कंडक्टरांना, कोपऱ्यात घेतलं तेव्हा त्यांनी वहीच काढून दाखवली. पहिल्या फेरीची सगळ्यांची उत्तरं तुम्ही उतरवून ठेवलीत, आणि दर वेळी तीच पुन्हा लिहायला लावता. जबानी बदलली की माणूस खोटा ठरतो, असं हेडमास्तरांनी, म्हणजे तुम्ही, बजावलंय म्हणे. अहो काका, काय बदललं ते बघायलाच आम्ही पुन्हा पुन्हा येतो ना? आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्यात, आणि आता त्रेचाळीस म्हाताऱ्यांना कॉपी पुरवताय.

मी हटणार नाही. साहेबांकडून आणखी एक फेरी मागून घेतली आहे, मंगळवारी. प्रत्येकाने आजचं खरं लिहायचं. कुलूप लागू देणार नाही.

तुमची पुतणी

ता. क. वही माझ्याकडे पाठवा. कपाटात ठेवतो म्हणाल, पण तुमचा भरवसा नाही.

आणखी एक. वहीत पहिलं उत्तर तुमचंच आहे: एकटं कधीच वाटत नाही. काकू जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. आता खरं लिहिलंत तर कागदावर असं दिसेल की वाचनालयानेच तुम्हाला एकटं पाडलं, आणि आमच्या गणितात तेवढं वजा होईल. होऊ दे. बाकीचे बेचाळीस जण ते भरून काढतील. तुम्ही लिहा.