दाजींच्या ट्रॅक्टरचं उजवं-डावं

मु. पो. माळवाडी (नदीकडची, टेकडीवरची नव्हे), जि. सांगली
ता. ९ एप्रिल १९७६

तीर्थस्वरूप सुभेदार नानासो दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा ज्ञानू याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात सध्या शाबूत आहेत.) पठाणकोटची थंडी सरली असेल आणि आपला गुडघाही ताळ्यावर आला असेल, असं धरून चालतो. इकडे बनुअक्का, चि. हरणा आणि दोन्ही म्हशी खुशाल. हरणेचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. अक्का दिवसातून चार वेळा रडून घेते, म्हणजे ऐन वेळी घाई नको.

आपण विचारलंत, ट्रॅक्टर कसा आहे. ट्रॅक्टर उत्तम आहे. इतका उत्तम की तो समजून घ्यायला थोडा वेळ लागतो, म्हणून पत्र जरा लांबणार. कारखान्याच्या लिलावातून आपण आणलेला हा विलायती गडी तेलाच्या जोरावर चाकं वळवतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. (‘पावर स्टेअरिंग’ म्हणताना आपली छाती कशी फुगते, ते अक्का अजून करून दाखवते.) तर फेब्रुवारीत ही पावर गेली आणि स्टेअरिंग असं जड झालं की बांधावर वळताना मी दोन्ही पाय रोवून, दातओठ खाऊन चाकाला लोंबकळत होतो. आपलं मागचं पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं : आधी तेल बघ, मग पट्टा, मग पुढच्या चाकांतली हवा, दुसरं काही उघडू नकोस. मी तिन्ही कलमं पाळली. फक्त शेवटून सुरुवात केली, कारण हवा फुकट असते.

सायकलच्या पंपानं ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरणं हे काय काम आहे ते पलटणीतल्या माणसाला मी सांगायला नको. सकाळ त्यात गेली. फरक शून्य. मग पट्टा ताणला. फरक शून्य. शेवटी तेलाचं झाकण उघडलं तर आत बोटभरही तेल नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! इस्लामपूरला ते तेल मिळेना, आणि पत्रात आपण नुसतं ‘तेल’ लिहिलेलं, कशाचं ते लिहिलेलं नाही (ही चूक मी आपली मानत नाही). म्हणून आमच्या कारभारणीच्या, साळूच्या बरणीतलं दोन शेर करडईचं ओतलं.

दाजी, स्टेअरिंग अर्धा तास खरंच हलकं झालं. मग ते तापलं, आतून फेस आला आणि शिवारभर भज्यांचा घमघमाट सुटला. शेजारपाजारचे लोक द्रोण घेऊन यायचे तेवढे बाकी होते. गावची कुत्री ट्रॅक्टरमागून फिरू लागली आणि पोटातून फुस्स फुस्स असा आवाज सुरू झाला. नाथाजी मिस्त्रीला बोलावलं. (विहिरीवरच्या इंजिनांची दुरुस्ती करतो तोच, टोपी तिरकी घालतो.) त्यानं कान लावला आणि म्हणाला, “प्वाटात वारा धरलाय.” करडई उपसून त्यानं कराडहून आणलेलं खरं तेल भरलं, वारा काढायला चाकाकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांचे नट सैल केले आणि इंजिन चालू ठेवून चहाला गेला.

आणि नेमके तेव्हाच शिराळ्याहून नवऱ्या मुलाचे चुलते भाऊसो मानपानाचं बोलायला आले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, इथं तर व्याहीच आले. शिराळ्याचा माणूस म्हणजे नागपंचमीचा माणूस. ट्रॅक्टरखालून फुस्स ऐकताच त्यांनी हात वर केला, “हालू नगासा कुणी! जनावर हाय!” धोतराचा काचा मारला, खाली शिरले आणि एका झटक्यात धरून ओढलं. “आवं, जोडी हाय!” म्हणत दुसऱ्या हातानं दुसरंही ओढलं. साळू हात जोडून उभी राहिली, अक्का दुधाची वाटी घेऊन धावली. भाऊसो बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत तेलात न्हालेले, दोन्ही हातांत एकेक रबरी पाइप.

कुणी हसलं नाही. मुलीकडची माणसं आपण, हसून चालतंय होय? अक्कानं तर वाटीतलं दूध पाइपांना दाखवलं. नाथाजी चहाहून आला, पण व्याह्यांच्या देखत ‘कुठला कुठनं उपसलासा?’ हे विचारणं कुणालाच बरं दिसेना. म्हणून त्यानं अंदाजानं दोन्ही जोडून टाकले, तेल पुन्हा भरलं आणि मी वर बसलो. स्टेअरिंग एका बोटानं फिरत होतं! मी विहिरीच्या बाजूला उजवीकडे वळवलं आणि ट्रॅक्टर डावीकडे उकिरड्यात गेला. भाऊसो तेल निथळत म्हणाले, “लय हलकं हाय.”

नाथाजीला विचारलं. तो जराही डगमगला नाही. म्हणाला, “विलायती गाडी हाय. तिकडं लोक उजवीकडनं गाडी हाकत्यात. तितलं समदं उलटंच. आता कुठं ती आपल्या मूळपदावर आली बगा.” दाजी, मला हे पटलं. आजही बरंच पटतं. महिनाभर मी सराव केला. उजवीकडे जायचं तर डावीकडे फिरवायचं, बस्स. आता माझ्याइतका तरबेज माणूस पंचक्रोशीत नाही. सायकलवरून तीनदा ओढ्यात पडलो, पण तो सायकलचा दोष. साळूचं म्हणणं असं की यांना सरळ सांगितलेलं आधीपासूनच उलटं कळायचं, आता निदान गाडी तरी यांच्या वळणाची मिळाली.

आपलाच,
ज्ञानू

ता. क. खरं सांगायचं ते राहिलंच. अक्का म्हणाली, हरणेला सासरी पोचवायला आपण स्वतः युनिफॉर्म घालून ट्रॅक्टर हाकणार. दाजी, आपल्याला वीस वर्षांची सरळ सवय. आपण हरणेला शिराळ्याऐवजी विहिरीत पोचवाल. तेव्हा तो मान मला द्या. आणि ट्रॅक्टरचं सोडा. पोर चार वर्षांची होती, आपण सरहद्दीवर होता, तेव्हा माझ्या बैलगाडीत बसून म्हणाली होती, “मामा, माज्या लग्नात तूच गाडी हाक.” ती विसरली असेल. मी नाही विसरलो.

दुसरी ता. क. मिरजेचा दवाखाना, ता. ११. अक्षराला हसू नये, डाव्या हातानं लिहितोय. उजवा प्लास्टरात आहे. हे पत्र टाकायला मी काल ट्रॅक्टरवरूनच निघालो. पण नाथाजीला महिन्याभरानं सद्बुद्धी सुचली होती आणि त्यानं पहाटे येऊन, कुणाला न सांगता, दोन्ही पाइप सुलटे करून ठेवले होते. हरणेला आहेर म्हणून! मी आपला सवयीनं वळलो आणि मांडवाच्या बांबूंच्या ढिगात गेलो. ट्रॅक्टरला ओरखडाही नाही. तो आता अगदी बरोबर चालतो, म्हणून तो मला चालवता येत नाही. तेव्हा आपणच हाका. मी मागे ट्रॉलीत हरणेजवळ बसतो. पण एवढं करा दाजी, शिराळ्याच्या फाट्यावर तिला ऐकू जाईल असं मागे वळून विचारा, “ज्ञानू, कुठं वळू?” मी ठणकावून सांगेन, “उजवीकडं!” आपण मुकाट्यानं डावीकडे, शिराळ्याच्या वाटेला वळा.