कळमजाईचा नवस आन हर्षालीची सायकल

ती. साळूवन्सं यांना,

अंबूचा वाकून नमस्कार. (आता वाकता येतंय, तेच सांगायला पत्र काढलंय.) ओतूरला सगळी बरी असतील. तुमचा गुडघा काय म्हणतोय? फोनवर तुमीच बोलता, मला मधी शिरायला जागा घावत न्हाई, म्हणून लिहिते. शाळा चवथीत सुटली, चुका पोटात घाला.

तर माझा नवस. माझ्या गुडघ्याची कळ थांबली तर कळमजाईच्या डोंगरावर पायी येईन, हे तुमच्यासमोरच बोलले व्हते. नारायणगावच्या डॉक्टरनं सायकल चालवा म्हणून सांगितलं. आमच्या नातीला, हर्षालीला, स्कूटी घेतल्यापासून तिची सायकल गोठ्यात कोंबड्यांना बसायलाच व्हती. तिच्यावरच शिकले. नऊवारीचा काष्टा जरा वर खोचला की चेनीत अडकत न्हाई. (पाचवारीवाल्या सुना नुसत्या बघत बसल्या.) आन वन्सं, गुडघा लई बरा झाला!

मंगळवारी जायचं ठरवलं. पायथ्यापर्यंत सायकल, पुढं चालत. तेवढ्यात तुमचा फोन, "वैनी, पायी म्हंजी पायी. सायकलीनं नवस फिटत न्हाई. देवी परत गुडघा धरंल." पण म्हटलं, पायडल तरी कशानं मारतात? पायानंच ना? आन निघाले.

पायथ्याला गेल्यावर कळलं, कुलपाची चावी घरीच राहिली. सायकल गेली तर हर्षाली माझं तोंड बघायची न्हाई. म्हणून घेतली संगं. आधी रेटली, धोंडे लागले तिथं खांद्यावर टाकली. पुण्याची पावणं फोटो काढाया लागली. एक म्हणाला, "आजी, सायकल कशाला वर?" म्हटलं, "तिचाबी नवस हाय, बाबा."

वर सावळेराम गुरवाला सगळं सांगितलं, तुमचं म्हणणंबी सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. "खाली सायकलीनं तुमाला आणलं, वर तुमी सायकलीला?"

"व्हय."

"मग फिट्टंफाट झाली की! तिचं उसनं इथंच फेडलंत. नवस पायीच धरला."

त्यानं मला कुंकू लावलं, हँडलला लावलं, आन परसादाचं अर्धं खोबरं सायकलीच्या बास्केटात टाकलं. मला इतका आनंद झाला की उतरताना गुडघा हाय का न्हाई तेच ध्यानात न्हाई.

थोरांना नमस्कार, पोरांना पापा.

तुमची वैनी,
अंबू

ता.क. गुडघा ठणठणीत हाय, पण खांदा धरलाय. म्हणून सायकल वरच देवळाशी, गुरवाच्या ताब्यात ठेवून आले. हर्षालीला अजून सांगितलं न्हाई, तुमीबी सांगू नका.

आणखी एक. तुमच्या गुडघ्यासाठी मीच देवीला बोलून आले, बरा झाला की साळूवन्सं येतील म्हणून. तर लवकर बऱ्या व्हा, आन येताना तेवढी सायकल खाली आणा. जाताना मातर गाडीबिडी नको. पायी म्हंजी पायी.